मेमरी मोकळी, तरी 12 एमबी मिळेना

लिनक्सवर चालणाऱ्या बोर्डावर 1 जीबी रॅम, 4के कॅमेरा आणि आयओएमएमयू (विखुरलेली मेमरी डिव्हाइसला सलग दाखवणारं हार्डवेअर) नाही. बूट झाल्यावर रेकॉर्डिंग झकास चालायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू केलं की ड्रायव्हर उणे 12, म्हणजे मेमरी नाही, असं सांगून मोकळा. फ्री मेमरी मात्र 300 एमबीच्या आसपास दिसत होती.

आधी हिशेब मांडला. 3840 × 2160 ची एनव्ही12 फ्रेम (दर पिक्सेलला दीड बाइट) म्हणजे 1,24,41,600 बाइट, 4 केबीची 3,038 पेजेस (मेमरीचे ठरावीक तुकडे). आयओएमएमयू नसल्यामुळे ती भौतिक पत्त्यावर सलगच हवीत. व्हीमॅलॉक या कर्नल फंक्शनची सलगता फक्त आभासी पत्त्यांपुरती, डिव्हाइसला तिचा उपयोग नाही. कर्नलचा नेहमीचा मेमरी-वाटप करणारा, बडी अ‍ॅलोकेटर, एका वेळी जास्तीत जास्त 4 एमबीचा सलग तुकडा देतो. त्यामुळे कॅश रिकामी करणं, कॉम्पॅक्शन (पेजेस सरकवून मोकळी जागा एकत्र करणं) चालवणं यात गेलेली सकाळ फुकट गेली. असे बफर सहा, एकूण साधारण 72 एमबी, आणि ते येत होते सीएमएमधून (कंटिग्युअस मेमरी अ‍ॅलोकेटर, म्हणजे मोठे सलग तुकडे देणारी कर्नलची सोय). त्यासाठी 128 एमबी राखून ठेवलेले होते.

सीएमए लिनक्समध्ये 2012 साली, 3.5 आवृत्तीत आला. डिव्हाइसला गरज नसेल तेव्हा ती जागा हलवता येण्याजोग्या पेजेसना वापरू द्यायची आणि मागणी आली की त्यांना दुसरीकडे हलवायचं, अशी त्याची रीत. म्हणून सीएमए-फ्रीचा (सीएमएतल्या मोकळ्या जागेचा) आकडा कमी दिसला तरी घाबरायचं कारण नसतं. खरा प्रश्न एवढाच, की आत बसलेली पेजेस उठतील का.

आमची उठत नव्हती. कर्नल लॉगमध्ये ‘पीएफएन बिझी’च्या (म्हणजे या क्रमांकांची पेजेस अडकलेली आहेत) ओळींची रांग लागली होती. सीएमए एका ठिकाणी अडला की पुढे सरकून पुन्हा प्रयत्न करतो, म्हणून एका मागणीला इतक्या ओळी. अडलेल्या पेजचा तपशील छापून घेतला: मॅपकाउंट (किती ठिकाणी मॅप झालंय) 1, रेफकाउंट (एकूण किती जणांनी धरलंय) त्याहून जास्त. म्हणजे पेज प्रोसेसचं, पण कुणीतरी धरून ठेवलेलं.

धरणारा निघाला आमचाच अनुमान-ड्रायव्हर, म्हणजे एआय मॉडेल चालवणारा. 640 × 640 × 3 बाइटचा इनपुट बफर, बरोबर 300 पेजेस, तो युजरस्पेसमधून (साध्या प्रोग्रॅमच्या मेमरीतून) घेऊन पिन करायचा, म्हणजे हलू न देता धरून ठेवायचा, आणि प्रोसेस संपेपर्यंत सोडायचा नाही. बूटनंतर लगेच पिन केलेली पेजेस सहसा सीएमएबाहेर पडत. रात्री प्रोसेस रीस्टार्ट झाली की सीएमएत बसलेली साधी पेजेसही त्याच्या वाट्याला येत. सलग 12 एमबीच्या पट्ट्यात असं एक पेज असलं तरी तो पट्टा बाद. अशी विखुरलेली दहा-बारा पेजेस 128 एमबी नासवायला पुरतात.

72 एमबी कायमचे कापून ठेवायचा पर्याय होता, पण 1 जीबीत ती चैन परवडण्यासारखी नव्हती. ड्रायव्हरमधली पिन करण्याची हाक (फंक्शन कॉल) बदलून पिन-युजर-पेजेस वापरलं आणि सोबत, पेजेस दीर्घकाळ धरणार असं सांगणारा, लाँगटर्म फ्लॅग दिला. तो असला की कर्नल पेजेस आधी सीएमएबाहेर हलवतं आणि मगच पिन करतं. हलवणं जमलं नाही तर हाक अपयशी होते, म्हणून परतलेला आकडा तपासायलाच हवा. जुन्या कोडमध्ये तोही तपासलेला नव्हता.

आता राहिला तो उशीर. सीएमए भरलेला असताना रेकॉर्डिंग सुरू केलं की पेजेस हलवण्यात वेळ जातो आणि पहिली फ्रेम जाणवण्याइतकी मागे पडते. त्यावर सहाही बफर ड्रायव्हर लोड होतानाच घेऊन ठेवण्याचा पॅच तयार आहे, पण त्यात ते 72 एमबी पुन्हा अडकून बसतात, म्हणून अजून लावलेला नाही.