मेलेल्या माणसाचा हेवा

हेवा कुणाचा वाटावा याला काही धरबंध? काल मला एका पोलिश माणसाचा वाटला, आणि तो १९५१ साली वारलाय.

अमेरिकेतला मेमोरियल डे, युद्धात कामी आलेल्यांच्या आठवणीचा दिवस, येत्या सोमवारी. त्याआधी गावातल्या दफनभूमीत माजी सैनिकांच्या सगळ्या थडग्यांपाशी झेंडे लागले पाहिजेत. लीजनचे, म्हणजे माजी सैनिकांच्या संघटनेचे म्हातारे, स्काउटची पोरं आणि पोरांना गाडीतून आणून सोडणारे आमच्यासारखे. दगडाशेजारी ब्राँझचं बिल्ल्यासारखं चिन्ह असतं, ज्या युद्धाचं त्या घाटाचं. यादवी युद्धवाल्यांची पाच टोकांची चांदणी. त्याच्या मागच्या नळीत काठी खोचली की झालं. पण ही चिन्हं चोरीला जातात, भंगारात ब्राँझला भाव आहे. मग लांब स्क्रूड्रायव्हरने जमिनीत भोक पाडायचं, नुसती काठी दाबली तर मटकन मोडते. काही दगड जमिनीसपाट. त्यांच्यावरचं गवत नखांनी खरवडून आधी माणूस शोधायचा, नाव मोठ्याने वाचायचं, मग झेंडा. माझ्या पोरानं, ओंकारनं, त्या पोलिश आडनावाची पार वाट लावली. शाळेत त्याच्या नावाची रोज लागते, त्यामुळे फिट्टंफाट.

झालं ते एवढंच. लीजनच्या एका आजोबांनी विचारलं, तुमच्या घरचं कुणी होतं का फौजेत? म्हटलं, माझे आजोबा होते, आण्णा. मराठा लाइट इन्फंट्री, इटलीत लढले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. ‘मग आता कुठे आहेत?’

‘नदीत,’ मी म्हटलं.

पुढे काय बोलावं ते त्यांना सुचेना, मलाही नाही.

तेव्हापासून डोक्यात भुंगा. संगम माहुलीला काकांनी अस्थी सोडल्या, मी तेव्हा इकडे. ते जाऊ दे. पण हा पोलिश गृहस्थ पहिल्या महायुद्धातला साधा शिपाई, आण्णांसारखाच जिवंत परतला, आण्णांसारखाच म्हातारा होऊन गेला असणार. खरं तर हा दिवस अशा परतलेल्यांसाठी नाहीच. जनरल लोगनच्या हुकमावरून ३० मे १८६८ला थडग्यांवर फुलं वाहिली गेली ती यादवी युद्धात कामी आलेल्यांच्या. परत आलेल्यांचा दिवस वेगळा, नोव्हेंबरात. पण झेंडे लावणारे निवडत बसत नाहीत. त्यामुळे त्याची नातवंडं कुठे का असेनात, दर मे महिन्यात कुणीतरी परकं पोर त्याच्यासमोर गुडघे टेकतं नि त्याचं नाव चुकीचं उच्चारतं. आर्लिंग्टनच्या मोठ्या लष्करी दफनभूमीत तर सैनिक बूट दगडाला टेकवून अंतर मोजतात, तेवढ्यावर झेंडा. अडीच लाखांहून जास्त, १९४८ पासून. १९७१ पासून हा दिवस सोमवारी आणला, म्हणून जोडून सुट्टी आणि गाद्यांचे सेल. त्यावर नाकं मुरडायला मला आवडतं. काल मुरडता आलं नाही.

आमच्याकडे काय? आण्णांचे एक चुलते पहिल्या लढाईला गेले ते गेलेच. साताऱ्या-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत असते तशी संगमरवरी पाटी आमच्याही गावात आहे. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यापैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचंही नाही. चुलते त्या दुसऱ्या आकड्यात आहेत, एवढंच घरात माहीत. आकड्याला झेंडा कुठे खोचणार?

बरं, इटलीतच राहिलेल्यांचं तरी नाव कोरलेलं आहे. आपल्या ज्या लोकांचं तिकडे दहन झालं, त्यांचं फोर्लीला खास स्मारक आहे. आण्णांच्याच मराठा लाइट इन्फंट्रीतल्या यशवंत घाडग्यांचं नाव कासिनोच्या स्मारकावर आहे, व्हिक्टोरिया क्रॉस मिळूनही देह काही सापडला नाही. आण्णा धडधाकट परत आले, शेती केली, इटलीबद्दल विचारलं की ‘लई चिखल’ एवढंच म्हणायचे, आणि मग वाहून गेले. जिवंत परतल्याचा हा तोटा.

आणि आण्णांचं नाव पुढे करून मी रडतेय कुणासाठी, तेही कळत होतं. मी काही लढाईला गेलेली नाही. मी फक्त नोकरीला आले. इथेच मरणार, इथल्याच विद्युतदाहिनीत नाहीतर गॅसच्या भट्टीत जाणार, आणि मग? इथल्या मातीत माझं कुणी नाही आणि तिकडच्या नदीत मी नसणार.

रात्री आईला फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘अगं, सर्वपित्रीला पान वाढतो की आण्णांचं. वडे, खीर, गवारीची भाजी. कावळा ताटकळत ठेवत नाही कधी.’ मग, ‘तुझ्या त्या पोलिशाला जेवायला कोण देतं?’

याला उत्तर नव्हतं. आण्णांसमोर कुणी झेंडा आणि वडे ठेवले असते तर त्यांनी झेंड्याला कडक सॅल्यूट ठोकला असता आणि वड्यांकडे हात केला असता, यात शंका नाही. तरी हेवा गेलेला नाही. थोडा बसलाय, इतकंच.

सकाळी ओंकारला विचारलं, माझ्यामागे काय करशील रे?

‘तुला काय हवंय?’ त्याने फोनमधून मान वर न करता विचारलं.

म्हटलं बघू, अजून घराचे हप्ते फिटायचेत.