घड्याळ ठोके नव्हे, माझी पावलं मोजत होतं

पैसे परत जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा घड्याळ घरी येऊन ४७ दिवस झाले होते. त्या कंपनीचा तक्रारीचा फॉर्म आठवला की अजून माझं डोकं तापतं, म्हणून सगळं ताजं आहे तोवर लिहून काढते. कुणी फिटनेस ट्रॅकर नाहीतर स्मार्टवॉच घ्यायच्या विचारात असेल, तर माझा गेलेला दीड महिना त्यांच्या तरी कामी यावा.

मला घड्याळ हवं होतं ते एकाच कारणासाठी. खूप वर्षांच्या खंडानंतर पळायला सुरुवात करायची होती आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, "पळा, हरकत नाही. पण पहिले दोन महिने हृदयाचे ठोके मिनिटाला १४० च्या वर जाऊ देऊ नका." म्हणजे पळता पळता ठोके बरोबर दाखवणारं घड्याळ. बाकी काही नसतं तरी चाललं असतं. पण निवडायला बसले आणि स्क्रीन किती लख्ख आहे, मनगटावरून फोन घेता येतो का, व्यायामाचे प्रकार किती, बॅटरी किती दिवस, यातच चार संध्याकाळी गेल्या. 'ठोके मोजतं' हे प्रत्येकावरच लिहिलेलं होतं, म्हणून तिथे मी एक मिनिटही थांबले नाही. नेमकं तिथेच थांबायला हवं होतं.

एक चाळणी मात्र झटकन लागली, फोनची. ॲपल वॉचला आयफोनच लागतो. सॅमसंगची २०२१ पासूनची घड्याळं आयफोनला जोडली जात नाहीत आणि त्यांचं ईसीजी सॅमसंगच्याच फोनवर चालतं. आपला फोन कुठला आहे हे आधी धरलं की अर्धी यादी तिथेच गळते. मी एक मध्यम घड्याळ मागवलं, आलं, जोडलं, सगळं सुरळीत.

पहिल्याच दिवशी अगदी हळू पळत असताना आकडा १६८! घाबरून मी चालायला लागले. दुसऱ्या दिवशी १७०, तिसऱ्या दिवशी पुन्हा १६८. धाप लागत नव्हती, पूर्ण वाक्य बोलता येत होतं. घरी बसून पाहिलं तर घड्याळ ६६ दाखवायचं आणि हाताने नाडी मोजली तरी ६६ च. मग हे पळतानाच का होतं?

चौथ्या दिवशी मी पळता पळता थांबले आणि लगेच दोन बोटं मानेवर ठेवली. (थांबल्याबरोबर मोजायचं, आणि १५ सेकंदच. ठोके भराभर खाली येतात.) ३३ भरले, म्हणजे मिनिटाला १३२. घड्याळावर १६८. परत निघाले आणि या वेळी उजवं पाऊल किती वेळा टेकतं ते मोजलं. अर्ध्या मिनिटात ४२. दोन्ही पायांची मिळून मिनिटाला १६८ पावलं. घड्याळ माझे ठोके दाखवतच नव्हतं, पावलं दाखवत होतं!

घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की याला नावसुद्धा आहे, कॅडेन्स लॉक. मनगटावरचं घड्याळ कातडीवर हिरवा प्रकाश टाकतं. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. पण पळताना हात ठराविक तालात हलतो, घड्याळ हलतं, कातडीखालचं रक्तही त्याच तालात हिंदकळतं. मग ते गणित हृदयाचा ताल सोडून पायांचा ताल धरून बसतं. थंडीत हे जास्त होतं, कारण कातडीजवळचा रक्तपुरवठा कमी होतो. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, सरकणार नाही इतपत घट्ट बांधलं तर पुष्कळदा सुटतं. माझं सुटलं नाही.

तक्रार करावी म्हणून फॉर्म उघडला. पहिलाच रकाना 'समस्येचा प्रकार', भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पर्याय होते चार्जिंग, स्क्रीन, ब्लूटूथ, पट्टा, पाणी शिरणे आणि इतर. मोजण्यासाठी विकलेल्या वस्तूच्या तक्रारींत 'चुकीचं मोजमाप' हा पर्यायच नाही! मी 'इतर' निवडलं. खाली २५० अक्षरांचा चौकोन. एवढ्याशा जागेत पावलं आणि ठोके कसे सांगायचे? तीनदा खोडून एकदाचं लिहिलं आणि पाठवलं. तक्रार नोंदवल्याचा मेसेज आला, एक क्रमांक आला आणि पुढे तीन दिवस काहीच नाही.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. घड्याळ बंद करून चालू करा, अपडेट करा, घट्ट बांधा. तिन्ही करून त्याच मेलला उत्तर दिलं. दोन दिवसांनी मेसेज, 'आपल्याकडून प्रतिसाद न आल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे.' त्या मेलचं उत्तर कुणी वाचतच नाही, ॲपमध्ये जाऊन लिहायचं असतं, हे सगळ्यात खाली बारीक अक्षरात होतं. नवीन तक्रार, नवीन क्रमांक, पुन्हा 'इतर', पुन्हा २५० अक्षरं. ही दुसरी तक्रार उघडी असतानाच परत करण्याची १० दिवसांची मुदत संपली.

तेव्हा फोन लावला. बरंच संगीत ऐकल्यावर एक मुलगा बोलायला आला.

"मॅडम, घड्याळ बंद पडलंय का?"

"नाही."

"चार्ज होतंय ना?"

"होतंय."

"फोनला कनेक्ट आहे?"

"आहे हो. पळताना ठोके चुकीचे दाखवतंय."

"पण दाखवतंय ना, मॅडम?"

यावर काय बोलणार! त्या मुलाचा दोष नव्हता, समोरच्या यादीतले प्रश्न तो विचारत होता. त्याने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली. 'इतर' मधल्या तक्रारी वेगळ्या टेबलावर जातात आणि सगळ्यांत शेवटी पाहिल्या जातात. हे फॉर्मवर लिहायला काय हरकत होती?

तिसऱ्या तक्रारीला जे उत्तर आलं ते मला अजून टोचतं. 'हे वैद्यकीय उपकरण नसून यातील आकडे केवळ सर्वसाधारण माहितीसाठी आहेत.' मी रोगनिदान मागितलंच नव्हतं. पळताना ठोके दाखवीन असं खोक्यावर लिहिलं होतं, तेवढंच मागत होते. १३२ च्या जागी १६८ ही कुठली सर्वसाधारण माहिती? एखाद्याच्या बाबतीत हेच उलटं झालं, ठोके १७५ आणि घड्याळावर १४०, तर तो निर्धास्तपणे पळत राहील.

कोंडी फुटली ती मावसभावामुळे. तो सायकल चालवतो. म्हणाला, "ताई, भांडत बसू नकोस, पुरावा दे. माझा छातीचा पट्टा घेऊन जा." छातीचा पट्टा प्रकाशावर चालत नाही, ईसीजीसारखा हृदयाचा विद्युत संकेत पकडतो, म्हणून हात हलल्याने त्याचं बिघडत नाही. तंत्र जुनंच आहे. फिनलंडच्या पोलर कंपनीने असा बिनतारी ठोकेमापक १९८२ मध्येच आणला होता. मी छातीला पट्टा आणि मनगटाला घड्याळ असं दोन्ही लावून पळाले आणि नंतर दोन्ही आलेख एकाखाली एक ठेवले. पट्ट्याची रेघ ११८ वरून सावकाश चढत १३६ पर्यंत गेलेली. घड्याळाची रेघ चौथ्या मिनिटापर्यंत तिच्याबरोबर, आणि मग एकदम उडी मारून १६८ वर पट्टीने आखल्यासारखी सरळ. मध्ये एका जागी ती धाडकन खाली येऊन पट्ट्याच्या रेघेला मिळत होती. मी बुटाची नाडी बांधायला थांबले होते ती जागा.

तो आलेख पाठवला आणि दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं! चौदा ओळींच्या विनवण्यांनी जे झालं नाही ते एका चित्राने झालं. आधी त्यांनी तेच मॉडेल बदलून दिलं. तेही तिसऱ्या मिनिटाला पावलांवर गेलं. त्याचाही आलेख पाठवला, तेव्हा कुठे पैसे परत करायला तयार झाले.

आता जे आठवेल ते सांगते. परत करण्याची मुदत वस्तू घरी आली त्या दिवसापासून मोजतात, खोकं उघडलं त्या दिवसापासून नाही. म्हणून ठेवून देऊ नका, पहिल्याच आठवड्यात तुमचा जो मुख्य व्यायाम आहे तो करून पाहा. नुसतं बसून आकडा जुळला म्हणून समाधान मानू नका, बसलेलं असताना जवळपास सगळ्यांचाच जुळतो. पळताना पावलं आणि ठोके दोन्ही मोजा. दोन्ही आकडे एकच दिसले की शंका घ्या.

कॅलरीच्या आकड्यावर विसंबून काहीही ठरवू नका. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मनगटावरची सात उपकरणं तपासली, तर त्यातल्या सगळ्यांत बऱ्या उपकरणाचाही कॅलरीचा अंदाज सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होता. रोज १०,००० पावलांचा आकडासुद्धा जपानमध्ये १९६५ च्या सुमारास निघालेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला आहे. तेवढी भरली नाहीत म्हणून रात्री खोलीत फेऱ्या मारू नका.

आणि सुई न टोचता रक्तातली साखर सांगणारं घड्याळ कुणी दाखवलं तर तिथून उठा. असं कुठलंही घड्याळ किंवा अंगठी मान्य केलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांनी हे नक्की लक्षात ठेवा, चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतू शकतं.

पोहणाऱ्यांसाठी. घड्याळावर लिहिलेलं ५ एटीएम (हे दाबाचं माप) म्हणजे ५० मीटर खोल बुडी मारायची परवानगी नव्हे, तो स्थिर पाण्याच्या दाबाचा आकडा आहे. तलावात चालतं, पण गरम पाणी आणि साबण यांनी आतली रबरी कडी हळूहळू खराब होते. आंघोळीला काढून ठेवलेलं बरं. बॅटरीचे दिवसही असेच, जीपीएस आणि सतत पेटती स्क्रीन बंद ठेवून मोजलेले असतात. रोज तासभर जीपीएस लावून पळणार असाल तर दिवस नका पाहू, जीपीएस चालू असताना किती तास टिकतं ते पाहा.

दुसरं घड्याळ घेताना मी एकच प्रश्न घेऊन बसले, 'बाहेरचा छातीचा पट्टा याला जोडता येतो का?' पहिल्याला येत नव्हता, आणि कितीतरी स्वस्त-महाग घड्याळांना येत नाही. माहितीपत्रकात ब्लूटूथ किंवा एएनटी प्लसवरून (हीसुद्धा ब्लूटूथसारखी बिनतारी जोडणीच) 'बाह्य हृदयगती सेन्सर' चालतो असं स्पष्ट लिहिलेलं असावं. नुसतं ब्लूटूथ लिहिलेलं पुरत नाही, ते फोनसाठी असतं. हे घड्याळ दिसायला साधं आहे, स्क्रीन लख्ख नाही, पण उन्हात नीट दिसते. कडेला खरी बटणं आहेत, त्यामुळे घामेजल्या बोटांनीही थांबवता येतं. झोपेचे आलेख त्यात आहेत, मी ते उघडत नाही.

छातीचा पट्टा बांधण्याआधी त्याच्या आतल्या, कातडीला टेकणाऱ्या दोन्ही पट्ट्या पाण्याने ओल्या करायच्या. कोरडा बांधला तर घाम येईपर्यंत तोही वेडेवाकडे आकडे दाखवतो, पहिल्या दिवशी माझा जीव वर आला होता. पळून आल्यावर साध्या पाण्यातून काढून सावलीत वाळत टाकते. मी १३८ ला इशारा लावून ठेवला आहे. मनगटावर थरथर झाली की वेग कमी करते, आणि मानेवर बोटं ठेवून पाहिलं तर आकडा जुळतो.