संत्र्याच्या पानाचा हिरवा

मागच्या उन्हाळ्यात काटोलच्या आमच्या संत्र्याच्या बागेचं रजिस्टर मी नागपूरला घरी आणलं, मोबाईलवर फोटो काढून ठेवू म्हणून, आणि रात्री ते टेबलावर तसंच उघडं राहिलं, समोर कूलर फुल स्पीडवर. पंप जास्त सुटला की कूलर थेंब फेकतो हे नागपुरात कुणाला सांगायची गरज नाही. सकाळी पाहतो तर दोन पानं ओली. बाबांची पद्धत अशी की रोजची नोंद, म्हणजे ताण कधी दिला (झाडाचं पाणी कधी तोडलं), खोडाला बोर्डो पेस्टचं औषध कधी लावलं, डिंक्या रोग कुठे दिसला, हे सगळं निळ्या बॉलपेननं, आणि कोणत्या झाडाचं कलम कुठून आणलं ते मात्र फाउंटन पेनातल्या हिरव्या शाईनं. बॉलपेनचं अक्षर न् अक्षर शाबूत होतं. हिरव्याच्या जागी नुसती वलयं, बाहेर निळं आणि आत पिवळट.

त्या वलयांनीच मला पाण्यात न वाहणारी हिरवी शाई शोधायच्या कामाला लावलं. हिरवी शाई बहुतेक वेळा एका रंगाची नसतेच, निळा आणि पिवळा डाय, म्हणजे पाण्यात विरघळणारा रंग, मिसळून बनवलेली असते, गडद पाहिजे असेल तर त्यात थोडा लाल किंवा काळा. पाणी लागलं की प्रत्येक डाय आपापल्या वेगानं कागदात पळतो. टिश्यू पेपरवर शाईचा एक ठिपका देऊन कड पाण्यात बुडवली तर दहा मिनिटांत सगळं वेगळं होऊन दिसतं, घरी नक्की करून पाहा, मला तर नादच लागला.

मला रंग कोणता पाहिजे होता ते मात्र पक्कं होतं. संत्र्याचं जून पान असतं ना, कोवळं पोपटी नाही, पावसात धुतलेलं काळपट हिरवं, तसा. पिवळ्या पडलेल्या कागदावर भडक हिरवा डोळ्यात खुपतो, गडद हिरवा वाचायला शांत वाटतो. सीताबर्डीच्या बाजारात दोन-तीन दुकानं फिरलो पण तिथे निळी, काळी, लाल यातच मामला संपत होता, म्हणून ऑनलाइन मागवल्या, काही मित्रांकडून सुया नसलेल्या सिरिंजमधून थोड्या थोड्या आणल्या.

दिसायला डायवाल्या शाया सगळ्यात देखण्या, यात वादच नाही. डायमाइनची शेरवुड ग्रीन खरी जंगलाची वाटते, गडद तरी हिरवीच. पायलटच्या इरोशिझुकुमधली शिन-र्‍योकु, नावाचा अर्थच गडद हिरवा, पण ती निळ्याकडे झुकते, पेंचच्या जंगलातल्या दुपारच्या सावलीसारखी. सेलरची टोकिवा-मात्सू चांगल्या गुळगुळीत कागदावर जाड निबनं लिहिली की अक्षराच्या कडेला लालसर चमक येते, मी तर नुसता तिरपा कागद धरून पाहून राहिलो होतो. पण या शाया कायमस्वरूपी नोंदीसाठी बनवलेल्याच नाहीत, त्यांच्याकडून ती अपेक्षा करणं चूक.

मग प्लॅटिनमची फॉरेस्ट ब्लॅक. ही लोहाची शाई, आयर्न गॉल. यात लोहाचा क्षार आणि मायफळात असतं तसलं गॅलिक आम्ल असतं, हवा लागली की त्यांचं काळं, पाण्यात न विरघळणारं संयुग कागदाच्या धाग्यातच तयार होतं. लिहिताना स्वच्छ हिरवी उतरते आणि डोळ्यांसमोर काळवंडत जाते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बायकोला आतून बोलावून आणलं दाखवायला! शाई आम्लधर्मी असते, त्यामुळे पेन महिनोन्महिने भरून ठेवायचं नाही, स्टीलच्या निबला तर जास्तच जपायचं.

आणि शेवटची डी अॅट्रामेंटिसची डॉक्युमेंट ग्रीन, कागदपत्रांसाठी बनवलेली टिकाऊ शाई. तिचा रंग एकटा मला नाही आवडला, फार उघडा आहे. पण डॉक्युमेंट मालिकेतल्या शाया एकमेकींत मिसळता येतात, म्हणून पाच थेंब हिरव्यात एक थेंब डॉक्युमेंट ब्लॅक टाकला. अगदी जून पान!

रजिस्टरच्याच कोऱ्या पानांवर सगळ्यांनी लिहिलं, एक पट्टी दहा मिनिटं नळाखाली धरली, दुसरी पश्चिमेच्या खिडकीच्या काचेवर चिकटवली, अर्ध्या भागावर पुठ्ठा. मे महिनाभर आणि वरून पाऊस येईपर्यंत, नागपूरचं ऊन म्हणजे यापेक्षा कडक परीक्षा कुठे मिळणार. बाबा रोज येता-जाता म्हणायचे, काहून एवढा खटाटोप करून राहिला, बॉलपेननं लिही ना. मी म्हटलं बाबा, हिरवं तुम्हीच सुरू केलं.

डायच्या पट्ट्या पाण्यात आणि उन्हात दोन्हीकडे कमजोर पडल्या, कुणी कमी कुणी जास्त. फॉरेस्ट ब्लॅकचा हिरवा पाण्यानं वाहून गेला पण करडी-काळी रेघ जशीच्या तशी, प्रत्येक अक्षर वाचता येतं. इथेच मी अडलो. अक्षर टिकणं वेगळं आणि रंग टिकणं वेगळं. आमच्या रजिस्टरमध्ये रंग हीच माहिती आहे, हिरवं म्हणजे कलमाची नोंद, काळं झालं तर पान उलटताना नजरेला कळणार कसं? पत्रं आणि डायरी लिहायला मी फॉरेस्ट ब्लॅकच घेतो आता, तिच्यासारखी मजा कशात नाही. पण बागेसाठी डॉक्युमेंटचं मिश्रण. पाण्यात हललं नाही, पुठ्ठ्याखालचा आणि उन्हातला भाग यात मला फरक शोधावा लागला. काळजी एकच, ही पेनात वाळली तर काढणं कठीण, आणि आपल्या कोरड्या उन्हाळ्यात निब झटकन वाळतो, म्हणून लिहून झालं की त्याच दिवशी पेन धुवायचं.

जुलैपासून दर रविवारी मी आणि बाबा बसतो, ते झाड सांगतात, मी लिहितो. जंबेरी लिंबाच्या खुंटावर बांधलेली कोणती, रंगपूर लिंबावरची कोणती, बहुतेक त्यांना तोंडपाठ आहे. सातव्या ओळीतल्या तीन झाडांचं कलम कुठून आणलं होतं ते मात्र त्यांनाही आठवत नाही, तो रकाना रिकामा ठेवलाय.