ओट्स चिकट होतात? होऊ द्या की!

आमच्या फॅमिली ग्रुपवर अधूनमधून कुणाचं तरी कोलेस्टेरॉल वाढलेलं निघतं, डॉक्टर सांगतात सकाळी ओट्स खा, मग तो माणूस एकदम मोठं पॅकेट घेऊन येतो, पहिल्याच दिवशी दुधात रटरटवतो आणि मला मेसेज टाकतो की अरे ही तर खळ झाली, पतंग चिकटवू का याने? आणि मग ते पॅकेट डब्यांच्या मागे जातं ते थेट दिवाळीच्या साफसफाईला बाहेर येतं. मला मेसेज येतो कारण आमच्या घरी सकाळचा नाश्ता माझ्याकडे आहे, बायकोची लोकल लवकरची, आणि बाबांना ओट्स सांगितल्यापासून मी हा प्रकार बऱ्याच तऱ्हांनी करून पाहिलाय. तर प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं इथे लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट, तो चिकटपणा म्हणजे काही तुमचं चुकलेलं नसतं. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा फायबर असतो, पाणी आणि उष्णता मिळाली की तो फुगतो आणि सगळं बुळबुळीत करतो. आणि डॉक्टर ओट्स खा म्हणतात ते नेमकं याच्यासाठीच! हा चिकट ऐवज आतड्यात पित्तातली आम्लं धरून बाहेर नेतो, मग यकृताला नवीन आम्लं बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न-औषध प्रशासन) १९९७ साली ओट्सच्या पाकिटांवर हृदयाला चांगलं असं लिहायला परवानगी दिली तीही यावरच, दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात जायला हवं असा तो हिशोब आहे, आणि ४० ग्रॅम कोरड्या ओट्समधून साधारण दीड-दोन ग्रॅम मिळतं. म्हणजे चिकटपणा पूर्ण घालवायचा म्हटलं तर मग खायचे कशाला. प्रश्न फक्त एवढाच की कुठल्या पदार्थात तो दाबायचा आणि कुठे मोकळा सोडायचा.

आता पॅकेट. दुकानात दिसतात ते तीन प्रकार, आणि दाणा तिन्हीत एकच. स्टील-कट म्हणजे सोललेल्या दाण्याचे नुसते दोन-तीन तुकडे. रोल्ड म्हणजे अख्खा दाणा वाफवून रोलरखाली चपटा केलेला. आणि आपल्याकडे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जे मिळतात ते बहुतेक क्विक किंवा इन्स्टंट, म्हणजे दाणा आधी कापून मग अगदी पातळ दाबलेला, जो तीन मिनिटांत विरघळतो. जेवढा पातळ तेवढा लवकर चिकट, साधं गणित आहे. मसाला ओट्सचे ते छोटे सॅशे मी यात धरत नाही, मागचा मिठाचा आकडा वाचा आणि मग बीपीवाल्या माणसाला द्यायचे का ते तुम्हीच ठरवा.

अजून एक, ओट्स कच्चे असतात असं पुष्कळांना वाटतं, तसं नसतं. या धान्यात गहू-तांदळापेक्षा तेल जास्त असतं आणि ते तेल खवट करणारं एन्झाइमही दाण्यातच असतं, त्यामुळे कारखान्यात ते वाफेची उष्णता देऊन आधीच बंद पाडतात. म्हणून रात्री नुसते भिजवून सकाळी न शिजवता खाल्ले तरी चालतात.

साधी पॉरिज, म्हणजे ओट्सची पेज, आधी सांगतो, कारण सगळ्यांची गाडी तिथेच अडते. दुधात शिजवू नका. दूध तळाला लागतं, उतू जातं, आणि आपण घाबरून सारखं ढवळतो, ढवळलं की अजून चिकट. आधी पाण्यात शिजवायचे, एक वाटी रोल्डला दोन ते अडीच वाट्या पाणी, चिमूटभर मीठ (गोड करणार असाल तरी घालायचंच, नाहीतर कितीही साखर घाला पांचट लागतं), आणि दूध शेवटी वरून, पातळ करायला. गार पाण्यात ओट्स घालून मग गॅस लावला तर मलईदार होतात, उकळत्या पाण्यात टाकले तर दाणा दाणा वेगळा राहतो, हे एकदा शेजारी शेजारी दोन पातेली ठेवून करून बघा, विश्वास बसणार नाही एवढा फरक पडतो. गूळ घालायचा असेल तर गॅस बंद करून, दूध जरा निवल्यावर, नाहीतर दूध फाटतं. मी वेलदोडा आणि खोबऱ्याचा कीस घालतो, बाबा त्यावर तूप मागतात, आणि मग कोलेस्टेरॉलचा विषय निघून आमच्या दोघांचं वाजतं. असो.

ज्यांच्याकडे हे मुळात रोजचं जेवण होतं ते स्कॉटलंडवाले तर दूधसुद्धा नंतर बघतात. हायलँड्समध्ये, म्हणजे त्यांच्या डोंगराळ भागात, कारब्रिज नावाचं एक छोटं गाव आहे, तिथे १९९४ पासून पॉरिज बनवायची जागतिक स्पर्धा भरते, गोल्डन स्पर्टल म्हणतात तिला. स्पर्टल म्हणजे पॉरिज ढवळायची गोल लाकडी दांडी. तिथे मुख्य गटात फक्त तीन गोष्टी चालतात, ओटमील, पाणी, मीठ. बस. आणि त्यांचं ओटमील म्हणजे आपले हे चपटे पोह्यासारखे ओट्स नव्हेत, दळलेला किंवा तोडलेला दाणा, थोडक्यात कण्याच. ज्वारीच्या कण्या ताकाबरोबर खाणाऱ्या माणसाला ते लगेच कळेल, इन्स्टंटचं पॅकेट फोडणाऱ्याला नाही कळायचं.

स्टील-कट मिळाले तर घ्या, महाग आहेत पण दाताखाली काहीतरी येतं. त्यांना वेळ लागतो, पातेल्यात पंचवीस-तीस मिनिटं सहज, म्हणून मी कुकर लावतो. चमचाभर तुपावर मंद भाजायचे, खमंग वास सुटला की साडेतीनपट गरम पाणी, मीठ, मंद आचेवर दोन-तीन शिट्या आणि मग वाफ आपोआप जिरू द्यायची. कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही, फेस येतो आणि शिट्टीतून सगळं ओट्याभर होतं. कुकरचा कंटाळा असेल तर रात्री झोपायच्या आधी एक उकळी काढून झाकण ठेवून द्या, सकाळी निम्म्याहून जास्त शिजलेले असतात, दहा मिनिटांत होतात (उकाड्याच्या दिवसांत मात्र गार झाल्यावर फ्रिजमध्ये ढकला). लापशी रव्याची जशी गोड लापशी करतो तशी यांची गुळातली लापशी फार छान होते, आमच्या आईला कळलंही नव्हतं की हे गहू नाहीत.

आता फोडणीचे ओट्स. प्रत्येकजण पहिल्यांदा हेच करायला जातो कारण दिसतात पोह्यांसारखे, आणि पोह्यांसारखे भिजवून निथळत ठेवतो, तिथेच त्यांचा लगदा होतो. इथे चिकटपणाशी भांडायचंय, त्यामुळे भिजवणं नाही. रोल्डच घ्या, क्विकवर हे होत नाही, उगाच हट्ट करू नका. कोरडे भाजा, सात-आठ मिनिटं, कडेला जरा रंग बदलेपर्यंत, म्हणजे वरचा थर कोरडा होतो आणि पाणी पटकन ओढत नाही. काढून ठेवा. मग नेहमीची फोडणी, मोहरी, हिंग, कढीपत्ता, मिरची, शेंगदाणे, कांदा, हळद, वाटलं तर मटार, त्यात ओट्स परतून तेल सगळीकडे लागलं की मगच पाणी, तेही एक वाटीला एक वाटी, फार तर सव्वा, आणि कडकडीत गरम. एकदा हलवून झाकण. दोन मिनिटांनी गॅस बंद, अजून पाच मिनिटं झाकण उघडायचं नाही, उघडून चमचा घालायची फार खुमखुमी येते पण नाही. लिंबू, कोथिंबीर, खोबरं. चांगले होतात, डब्यात नेता येतात. पण खरं सांगू का, हे करताना मला कायम वाटतं की पोहे केले असते तर बरं झालं असतं. पोह्यांची नक्कल म्हणून ओट्स दुसऱ्याच नंबरला राहणार.

म्हणून माझा आवडता प्रकार उलटा आहे, जिथे चिकट व्हायलाच हवं असा पदार्थ, आणि आपल्याकडे असा पदार्थ आधीपासून आहे, ताकातली उकड. तांदळाच्या पिठाची करतो तशीच, फक्त पीठ ओट्सचं. यात ते स्वस्तातले इन्स्टंट ओट्ससुद्धा चालतात, उलट तेच बरे, मिक्सरमध्ये कोरडे फिरवले की अर्ध्या मिनिटात पीठ. एक वाटी पिठाला तीन वाट्या आंबट ताक, आंबटच हवं, गोड ताकाची उकड कुणी करू नये. ताक गार असतानाच त्यात पीठ, मीठ घालून रवीने नाहीतर विस्कने घुसळून घ्यायचं, गुठळी इथेच मोडायची, नंतर कढईत मोडत नाही. मग तेल जरा सढळ, मोहरी, हिंग भरपूर, ठेचलेला लसूण सात-आठ पाकळ्या, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, चिमूट हळद, लसूण लालसर झाला की आच बारीक करून हे ताक हळूहळू ओतायचं आणि एका हाताने ढवळत राहायचं. इथे ढवळा हवं तेवढं! तीन-चार मिनिटांत घट्ट व्हायला लागतं, चमकदार होतं, मग झाकण ठेवून दोन वाफा. तांदळाच्या उकडीपेक्षा ही थोडी पातळच उतरवायची कारण ताटलीत आल्यावर अजून आळते. वरून कच्चं तेल, हे विसरू नका, शेंगदाण्याचं असेल तर उत्तम. घरात कुणालाही विचारलं नाही की आज काय ओट्स का. जो बुळबुळीतपणा दुधात नकोसा होतो तोच इथे उकडीचा लुसलुशीतपणा म्हणून खपतो, आणि बीटा-ग्लुकन पूर्ण पोटात.

मुगाची खिचडीही याच वर्गातली, आसट. डाळ आधी मऊ शिजवून मग ओट्स घालायचे, दोन्ही एकदम कुकरला लावले तर डाळ शिजेपर्यंत ओट्सचा पत्ता नसतो.

रात्री भिजवायचे ते ओव्हरनाइट ओट्स हल्ली काचेच्या बरणीत थर लावून फोटोत दिसतात, पण त्याचं मूळ झुरिचच्या बिर्शर-बेनर या डॉक्टरांकडे जातं, १९०० च्या आसपास ते आपल्या पेशंटना हे द्यायचे. गंमत म्हणजे त्यांच्या वाडग्यात ओट्स जेमतेम चमचाभर, रात्रभर पाण्यात भिजवलेले, बाकी सगळं सालासकट किसलेलं सफरचंद, लिंबाचा रस, थोडं कंडेन्स्ड मिल्क आणि वर बदाम किंवा अक्रोडाची पूड. म्हणजे तो फळांचाच पदार्थ होता. आता ओट्स वाटीभर आणि फळ शोभेला. मी उन्हाळ्यात त्याचं दहीपोह्याच्या अंगाने करतो, रोल्ड ओट्स रात्री दही आणि थोड्या दुधात फ्रिजमध्ये, सकाळी काकडी, डाळिंब, मीठ, चिमूट साखर आणि वरून तुपाची जिरं-मिरचीची फोडणी. शिजवलेले नसल्यामुळे बुळबुळीत फार होत नाहीत, आणि एप्रिलच्या सकाळी गॅससमोर उभं राहायला लागत नाही, मला तर तेवढंच पुरे आहे.

मायक्रोवेव्हबद्दल एवढंच की भांडं तिप्पट मोठं घ्या आणि पॉवर निम्मी ठेवा, नाहीतर आतली काच पुसत बसाल. थालीपीठ करताना भाजणीत पाव हिस्सा ओट्सचं पीठ चालतं, त्याच्या पुढे गेलात की थापताना हाताला येतं आणि खमंगपणा जातो. ओट्सच्या पोळ्या करायच्या भानगडीत मी पडत नाही, पीठ धरून ठेवणारं ग्लुटेन नाही, लाटताना तुटतात, कशाला.

राहुरीकडे माझा मामा आहे, त्याच्याकडे गाई आहेत. तो दर रब्बीला ओट पेरतो, चारा म्हणून, फुले हरिता नावाचा वाण तिथल्याच कृषी विद्यापीठाचा आहे, हिरवा कापून गाईंना घालतात. त्याला मी एकदा या उकडीचं सांगितलं तर तो म्हणाला, "भाच्या, आमच्या गाईंचं कोलेस्टेरॉल एकदम नॉर्मल आहे बघ." त्याच्या डोक्यात अजूनही हे जनावरांचंच आहे, आणि स्वतः तो सकाळी ज्वारीची भाकरी खातो, त्याला मी काय बोलणार.

पॅकेट उघडलं की हवाबंद डब्यात, आणि मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात सरळ फ्रिजमध्ये, कारण दाण्यातलं तेल शेवटी खवट होतंच, जुनं पॅकेट असेल तर आधी चिमूटभर चावून बघा, जिभेला कडवट लागलं तर टाका. आणि सकाळची पॉरिज उरली (बिनसाखरेची असेल तर) तर फेकू नका, तीन-चार चमचे बेसन, तेवढाच रवा, बारीक कांदा, मिरची, ओवा, कोथिंबीर घालून सरसरीत कालवा आणि दहा मिनिटांनी धिरडी घाला, तवा चांगला तापलेला हवा आणि पहिली बाजू पूर्ण सुटल्याशिवाय उलथनं लावायचं नाही. लसणीची चटणी असेल तर बाकी काही नको.