ओरिजिनल की क्रॉस?

नाशकात पिल्लू बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "ओरिजिनल आहे की क्रॉस?" क्रॉस म्हटलं की भाव पडलाच. इंदिरानगरच्या मावशीचा पांढराशुभ्र 'पॉमेरियन' खरं तर इंडियन स्पिट्झ होता, हे मला मेलबर्नला आल्यावर कळलं. मावशीला अजून सांगायची हिंमत झालेली नाही.

इथे सगळं उलटं. क्रॉस आहे म्हणूनच भाव चढतो. कॅव्हॅलियर किंग चार्ल्स स्पॅनियल आणि छोटा पूडल यांच्या पिल्लाला कॅव्हूडल म्हणतात. गल्लोगल्ली हेच फिरताना दिसतात. लेकीच्या हट्टापायी बघायला गेलो, तर पिल्लं विकणाऱ्या बाईंनी साडेतीन हजार डॉलर सांगितले. आपले जवळजवळ दोन लाख! वर कौतुक, की केस गळत नाहीत, अ‍ॅलर्जी होत नाही आणि संकर आहे म्हणजे आजारपण नाही.

रात्री आप्पांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. आप्पा नाशिकजवळ गिरणाऱ्याला टोमॅटो करतात. आधी ते दोन लाखांवर पोटभर हसले. मग म्हणाले, "हायब्रीड काय आपोआप चांगलं निघतं का गं? आईबाप बघितले का तू?"

मला उत्तर देता आलं नाही. हायब्रीड टोमॅटोचं बी दरसाल विकत आणावं लागतं हे मी लहानपणापासून बघत आलेय. घरचं बी धरलं तर पुढच्या साली एकेक झाड एकेका तऱ्हेचं. आणि पहिल्या पिढीत जोम दिसतो, कारण कुणीतरी दोन्हीकडचे आईबाप वर्षानुवर्षं निवडून जपलेले असतात. कॅव्हूडलचे आईबाप कुणी निवडले?

कॅव्हॅलियरला हृदयाच्या झडपेचा आजार फार लवकर आणि फार जणांना होतो. कवटी लहान, मेंदूला जागा अपुरी, हे दुसरं दुखणं. छोट्या पूडलची गुडघ्याची वाटी सरकते, पण ती कॅव्हॅलियरचीही सरकते. एकच दोष दोन्हीकडून आला तर संकर काय करणार?

पण म्हणून 'शुद्ध तेच खरं' म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. नॉर्वेत प्राणिमित्रांच्या संस्थेने थेट खटलाच भरला. 2022 मध्ये ओस्लोच्या न्यायालयाने कॅव्हॅलियरची पैदास बेकायदा ठरवली आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. त्या जातीत आता निरोगी जोडी जुळवणंच अवघड झालंय. वाट मोकळी राहिली ती दुसऱ्या जातीशी नीट, शास्त्रशुद्ध संकर करायची. म्हणजे तिकडे क्रॉस हाच उपाय ठरतोय, फक्त बाईंच्या पद्धतीचा नव्हे.

ही सगळी हौस सुरू झाली ती इथूनच, मेलबर्न ज्यात येतं त्या व्हिक्टोरिया राज्यातून. 1989 मध्ये वॉली कॉनरन अंधांसाठी मार्गदर्शक कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत होते. हवाईतल्या एका अंध बाईंना कुत्रा हवा होता, पण नवऱ्याला अ‍ॅलर्जी. कॉनरननी लॅब्रॅडॉर आणि केस फारसे न गळणाऱ्या पूडलचा संकर केला, पिल्लांचे केस आणि लाळ हवाईला पाठवून तपासून घेतली. अ‍ॅलर्जीच्या बाबतीत सगळी पिल्लं सारखी निघाली नाहीत, हे त्यांनाच पहिल्यांदा दिसलं. लॅब्रडूडलची लाट आली, मागोमाग नाना 'डूडल' आले, आणि पुढे म्हातारपणी त्यांनी जाहीरपणे पश्चात्ताप बोलून दाखवला. तपासणी मागे पडली, नाव तेवढं उरलं.

इथले नियम तसे कडक आहेत. व्हिक्टोरियात 2018 पासून पेट शॉपमध्ये पैदासवाल्याची पिल्लं विकता येत नाहीत, जाहिरातीतही पिल्लाच्या कातडीखाली ओळखीसाठी बसवलेल्या मायक्रोचिपचा नंबर द्यावा लागतो. भारतातही 2017 च्या नियमांनी आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे. पण आईबापांच्या हृदयाचा रिपोर्ट? तो आपणच मागायचा.

मी बाईंना फोन करून मागितला. त्या म्हणाल्या, "दोघंही अगदी गोड स्वभावाचे आहेत हो."

आप्पांना सांगितलं. म्हणाले, "रोपवाटिकेवाला असं बोलला असता, तर ट्रे तिथंच ठेवून आलो असतो."