हेर जेवायला बसतात तेव्हा

कोरियन हेरपट म्हटलं की लोक गाड्यांचा पाठलाग आणि सुऱ्यांची मारामारी सांगायला लागतात. मला आधी आठवतं ते पेरिलाचं पान. ‘एस्केप फ्रॉम मोगादिशू’ (२०२१) मधलं. १९९१ सालचा सोमालिया, रस्त्यावर यादवी पेटलेली, आणि उत्तर कोरियाच्या वकिलातीतली माणसं बायकापोरांसह नाइलाजानं दक्षिणवाल्यांच्या आश्रयाला आलेली. पुढ्यात जेवण येतं, पण घास कुणी उचलत नाही. विष घातलं असेल तर? शेवटी दक्षिणेचा राजदूत आपला भात उत्तरेच्या राजदूताच्या भाताशी बदलतो आणि मुकाट्यानं खायला लागतो. मग ती पानं. पेरिला तुळशीच्याच कुळातली. पानं सोया सॉसमध्ये मुरवून एकावर एक रचून ठेवतात. मुरली की अशी चिकटतात की चॉपस्टिकनं एक उचलायला जावं तर तीन वर येतात. दक्षिणेकडची एक बाई खटपट करते आणि समोरून उत्तरेची चॉपस्टिक येऊन खालचं पान दाबून धरते. संवाद नाही. मला तर पुढच्या सगळ्या गोळीबारापेक्षा हे दोन सेकंद भारी वाटतात.

बाकीच्या देशांच्या हेरपटात शत्रू परका असतो, त्याची भाषा वेगळी, कधी चेहराही. इथे दोघांचं जेवण एक, भाषा एक, आडनावंही तीच. १९५३च्या जुलैमध्ये युद्धविराम झाला, शांतता करार अजून व्हायचाय, मध्ये चार किलोमीटर रुंदीचा पट्टा. ही सरळसरळ भाऊबंदकी आहे: तारखेला कोर्टात समोरासमोर उभे, आणि नाक दोघांचं आजोबांवर गेलेलं.

या लाटेची सुरुवात ‘शिरी’नं केली, १९९९ मध्ये. कोरियात ‘टायटॅनिक’चा विक्रम त्यानं मोडला. पाण्यासारखं दिसणारं स्फोटक, फुटबॉलचं मैदान, माशाच्या पोटात लपवलेलं, चोरून ऐकायचं यंत्र, असा सगळा मसाला आहे. आज त्यातली धावपळ थोडी जुनाट वाटते. पण उत्तरेचा म्होरक्या झालेला चोई मिन-सिक तिकडच्या उपासमारीबद्दल बोलतो आणि चीज, हॅम्बर्गर खाणाऱ्या दक्षिणेला सुनावतो, तेव्हा खलनायकाचं म्हणणं खोडून काढायला आपल्याजवळ काही नसतं. पुन्हा जेवणच, बघा.

‘द स्पाय गॉन नॉर्थ’मध्ये (२०१८) तर मारामारी जवळजवळ नाहीच. ‘ब्लॅक व्हीनस’ हे सांकेतिक नाव घेतलेल्या खऱ्या हेरावर तो बेतलेला. त्याच्या भूमिकेतला ह्वांग जंग-मिन व्यापारी बनून बीजिंगमध्ये बसतो, उत्तरेत जाहिराती चित्रित करायचा सौदा जमवत जातो. सगळा थरार टेबलाभोवती. कोण आधी बोलतो, कुणाचा हात किती वेळ थांबतो, एवढंच बघत राहायचं. अॅक्शनच्या आशेनं बसलेला माणूस पहिल्या पाऊण तासात मोबाइल काढतो. काढू दे.

एक कळकळीची सूचना: डब केलेली आवृत्ती लावू नका. उत्तरेची बोली दक्षिणेतल्या सोलच्या बोलीपेक्षा वेगळी आहे, आणि हेराचं सोंग तिच्यावरच उभं असतं. घाबरल्यावर, चिडल्यावर मूळचा हेल वर येतो, तिथेच प्रसंग फिरतो. हिंदी डबिंगमध्ये सगळेच एका सुरात बोलतात आणि समोरचा अचानक का दचकला ते कळत नाही. सबटायटलमध्येही हेल दिसत नाही, पण निदान कानाला ऐकू येतो. अर्थात कान तयार व्हायला दोनतीन चित्रपट जातात.

हे चित्रपट फसतात कुठे? शेवटच्या अर्ध्या तासात. ‘द बर्लिन फाइल’मध्ये (२०१३) दोन्ही कोरिया, सीआयए, मोसाद, शस्त्रांचे दलाल, सगळे एकाच खिचडीत. कोण कुणाला विकतंय हे समजेपर्यंत पुढचा माणूस मेलेला असतो. त्यात एकमेकांसारखी वाटणारी नावं आणि त्यावर हुद्द्यानं हाक मारायची रीत. पहिल्या वीस मिनिटांत चेहरे पक्के केले नाहीत तर तो गेलाच हातातून.

गोव्याचाही इथे संबंध आहे. वोन बिनचा माजी हेर असलेला ‘द मॅन फ्रॉम नोव्हेअर’ (२०१०) हिंदीत ‘रॉकी हँडसम’ म्हणून आला, २०१६ मध्ये. कथा गोव्यात नेली आणि दिग्दर्शक होते ‘डोंबिवली फास्ट’वाले निशिकांत कामत. खलनायकही तेच झाले. शेजारच्या घरातली पोर आणि एकटा माणूस ही गोष्ट कुठेही रुजते. पेरिलाच्या पानाचं तसं नाही.

अलीकडचा ‘हंट’ (२०२२) त्यातला नट ली जंग-जे यानं स्वतःच दिग्दर्शित केला. उत्तरेच्या हेरांनी घडवलेला १९८३चा रंगूनचा बॉम्बस्फोट त्यात बँकॉकला नेलाय आणि मग बेछूट गोळीबार. खऱ्या रंगूनमध्ये ९ ऑक्टोबरला २१ माणसं गेली, दक्षिणेचे परराष्ट्रमंत्रीही त्यांत होते. राष्ट्राध्यक्ष चुन डू-ह्वान वाचले, कारण त्यांना पोचायला काही मिनिटं उशीर झाला. पटकथेत असं लिहिलं असतं तर कुणीतरी खोडून टाकलं असतं.