सात आला, पण कुणाचा?

टेस्ट हिरवी झाली होती, म्हणजे पास, त्यामुळे तिचा लॉग (चालताना झालेली नोंद) उघडायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण नव्या टेस्टचा पहिला लॉग मी वाचतेच, निकाल काहीही असो.

मी कमांड लाइनवर चालणाऱ्या एका डीबगरच्या चाचण्या बघते. डीबगर म्हणजे दुसरा प्रोग्रॅम अधेमधे थांबवून त्यातल्या चुका शोधू देणारा प्रोग्रॅम. त्या आठवड्यात दोन विषय हातात होते, एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना मागे ठेवतो तो आकडा) आणि फाइलींची नावं. एकमेकांशी काही संबंध नसलेले, असं तोवर वाटत होतं.

डीबगरच्या एक्झिट कोडमध्ये गोम अशी की कोड दोन असतात. एक डीबगरचा स्वतःचा, दुसरा तो ज्याला चालवतो त्या प्रोग्रॅमचा. शेलच्या, म्हणजे कमांड लाइनवरच्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हाती मात्र एकच पडतो. जीडीबी या डीबगरला बॅच मोडमध्ये, म्हणजे सगळ्या आज्ञा आधीच देऊन, चालवलं तर तो आपला स्वतःचा कोड देतो. प्रोग्रॅमचा हवा असेल तर वेगळा फ्लॅग (आज्ञेसोबत लिहायचा पर्याय) द्यावा लागतो, आणि त्या फ्लॅगसह प्रोग्रॅम सुरूच झाला नाही तर -१ मिळतो. युनिक्समध्ये शेलला या कोडचे आठच बिट दिसतात, म्हणजे ० ते २५५, म्हणून -१ चे होतात २५५. आता प्रोग्रॅमनेच २५५ दिला असेल तर? बाहेरून फरक कळायला मार्ग नाही. शिवाय प्रोग्रॅम संपल्यावर जीडीबी पडद्यावर जो कोड छापतो तो अष्टमान, म्हणजे आठ पाया असलेल्या, पद्धतीत असतो, दहाचा ०१२ दिसतो. नवा टेस्टर हमखास त्यावर बग नोंदवतो आणि आम्ही हमखास तो बंद करतो. आमच्या डीबगरने ही अष्टमानाची रीत उचलली नाही, एवढं बरं. प्रोग्रॅमचा कोड देणारा फ्लॅग मात्र आमच्याकडेही आहे.

नावांचं प्रकरण याहून मजेदार. लिनक्सवर फाइलच्या नावात तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं. मधे स्पेस, सुरुवातीला डॅश, अगदी नवी ओळसुद्धा. अंकाने सुरू होणाऱ्या नावाची कोअर फाइल (कोसळलेल्या प्रोग्रॅमच्या मेमरीची प्रत) प्रोग्रॅमच्या नावापुढे दिली, तर जीडीबी आधी तो प्रोसेस आयडी, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा क्रमांक, समजून बघतो. ते टाळायला नावाआधी ठिपका आणि तिरकी रेघ द्यायची. हे सगळे प्रकार आमच्या यादीत आधीपासून होते. त्या दिवशी मी देवनागरी नावं घातली. यूटीएफ-८ या अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं आणि नावाची नेहमीची मर्यादा २५५ बाइटची, म्हणजे ८५ चिन्हांत खेळ आटोपतो. मात्रा आणि हलन्तही त्यातच मोजायचे.

एका सोर्स फाइलचं नाव होतं ‘तऱ्हा’. प्रोग्रॅम सरळ चालला की ७ हा कोड देऊन संपायचा. डीबगरला द्यायच्या आज्ञांच्या स्क्रिप्टमध्ये त्या फाइलच्या एका ओळीवर ब्रेकपॉइंट (थांबायची खूण), तिथे थांबून एका व्हेरिएबलची किंमत छापायची, मग पुढे चालू द्यायचं. शेवटी ७ आला की टेस्ट पास. ७ आला होता. लॉगमध्ये मात्र व्हेरिएबलची किंमत कुठेच नव्हती. वर एक ओळ होती: ‘तऱ्हा’ नावाची सोर्स फाइल सापडली नाही.

फाइल समोर दिसत होती. स्क्रिप्टमधलं नाव आणि फोल्डरमधलं नाव एकाखाली एक ठेवली, तसूभर फरक नाही. मग दोन्हींचे बाइट काढले आणि एक नाव तीन बाइटने लांब निघालं.

युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण यादीत, ऱ दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ०९३१ हे स्वतंत्र चिन्ह. दुसरं, साधा र आणि त्याला जोडलेला नुक्ता (खालचा ठिपका). दिसायला सारखे, अर्थाने सारखे, युनिकोडच्या नियमानेही समतुल्य. पण लिनक्सवरच्या नेहमीच्या फाइलप्रणाली बाइट बघतात, अर्थ नाही. ही फाइल एका जुन्या मॅकच्या डिस्कवरून आली होती. तिथली एचएफएस प्लस प्रणाली नावं सुटी करून, म्हणजे र आणि नुक्ता वेगळे, साठवायची. कंपायलरला नाव वाइल्डकार्डमधून (* सारख्या खुणेने, थेट फोल्डरमधून) मिळालं, म्हणून डीबगर वाचतो त्या डीबग माहितीत तेच सुटं रूप गेलं. स्क्रिप्ट मी कीबोर्डवर टाइप केलेली, त्यात जोडलेलं रूप. ब्रेकपॉइंट लागलाच नाही.

हे एकवेळ समजून घेता येतं. मला राग आला तो पुढच्या वागण्याचा. आज्ञा फसली, डीबगरने एक ओळ छापली, बाकीची स्क्रिप्ट तशीच पुढे रेटली, प्रोग्रॅम न थांबता शेवटपर्यंत पळाला आणि त्याचा ७ इमानदारीने शेलला मिळाला.

“अगं, फ्लॅगचा अर्थच तो आहे,” डीबगरचा तो भाग लिहिणारा सहकारी म्हणाला. “प्रोग्रॅमचा कोड मागितलास, प्रोग्रॅमचा कोड दिला.”

“मग स्क्रिप्ट फसली हे मी कुठून ओळखायचं?”

त्याने राखीव क्रमांक सुचवला. पण राखायचा कुठला? ० ते २५५ यातला कुठलाही आकडा प्रोग्रॅमचा असू शकतो. १२६ आणि १२७ शेल स्वतः वापरतं. सिग्नलने (सिस्टिमकडून आलेल्या इशाऱ्याने) मेलेल्या प्रोग्रॅमसाठी शेल १२८ मध्ये सिग्नलचा क्रमांक मिळवतं, म्हणून सेगमेंटेशन फॉल्टला (मेमरीत नको तिथे हात घातल्यावर येणाऱ्या सिग्नलला) १३९ दिसतो. मोकळी जागाच नाही. शेवटी ठरलं की प्रोग्रॅम सुरू होण्याआधीची आज्ञा फसली तर तो सुरूच करायचा नाही, आणि दोन्ही निकाल एका वेगळ्या फाइलमध्ये लिहायचे. आमच्या टेस्ट आता ती फाइल वाचतात.

नावाबाबत मात्र जमेना. दोन्ही रूपं एकच धरून जुळवावीत, असं त्याचं म्हणणं. मी एकाच फोल्डरमध्ये दोन ‘तऱ्हा’ तयार केल्या, वेगवेगळ्या मजकुराच्या, आणि यांतली कुठली धरणार असं विचारलं. त्याने दोनदा फोल्डरची यादी बघितली. तडजोड अशी झाली: आधी बाइटला बाइट जुळवायचं. नाहीच मिळालं तर समतुल्य नाव शोधायचं, पण सूचना देऊन. तशी एकाहून जास्त नावं सापडली, तर सगळी बाइटसकट छापून थांबायचं. ती सूचना त्याला अजूनही फार लांबलचक वाटते. मी ती छाटू दिलेली नाही.